‘मला घरी सोड’ असे रात्री अडीच वाजता म्हणणाऱ्या सासूबाई

वाचकाचे पत्र

“मी ४८ वर्षांची आहे. महाप्याला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे दीड वर्षापूर्वी आम्ही कासारवडवलीला भाड्याच्या घरात राहायला आलो. घरात यजमान, बारावीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतरही घरी शिकवण्या घेत. दोनेक वर्षांपासून त्या विसरू लागल्या. एकच प्रश्न पाच-पाच वेळा विचारायच्या, गॅसवर दूध ठेवून विसरायच्या. इथे आल्यावर ते वाढले. गेले आठ महिने त्या रात्री दोन-तीनदा उठतात आणि ‘मला घरी सोड, मुलं येऊन परत जातील’ म्हणतात. हेच तुमचे घर आहे असे सांगितले की चिडतात. एकदा रात्री अडीच वाजता कडी काढून खाली गेल्या. वॉचमनने फाटकापाशी अडवले. हातात कापडी पिशवी होती. तीत एक साडी, चष्म्याचे रिकामे घर आणि हातरुमालात गुंडाळलेला देवातला बाळकृष्ण. यजमानांना रक्तदाबाचा त्रास असल्याने ते दुसऱ्या खोलीत झोपतात, त्यामुळे रात्री मीच उठते. दीर खारघरला असतात. त्यांच्याशी फोनवर सासूबाई इतक्या व्यवस्थित बोलतात की ते मला म्हणतात, ‘वहिनी, आई तर छान आहे, तुम्हीच फार मनाला लावून घेता.’ नणंद म्हणते, साठी बुद्धी नाठी, सगळ्यांचे असेच होते. औषधांच्या दुकानातून झोपेची गोळी आणली आहे आणि तीन आठवडे अर्धी देत आहे. झोप फारशी लागत नाही, पण सकाळी त्यांचा तोल जातो. मागच्या मंगळवारी पहाटे त्या तिसऱ्यांदा दाराशी गेल्या, तेव्हा मी त्यांना खांद्याला धरून जोरात पलंगावर ढकलले. हातातली काचेची बांगडी फुटली आणि मनगटातून रक्त आले. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘बाई, मी काय केलं?’ हे मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. हा आजार आहे की वय? मी नोकरी सोडावी का? आणि मी इतकी वाईट कधी झाले?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न शेवटी आला असला, तरी सगळे पत्र त्याच्यासाठीच लिहिलेले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मंगळवारी पहाटे जे झाले ते चूक झाले. ते मी सौम्य करून सांगणार नाही, कारण तुम्हीही ते सौम्य करून लिहिलेले नाही. ७६ व्या वर्षी कातडी पातळ झालेली असते, हाडे ठिसूळ असतात. असाच धक्का थोडा वेगळ्या कोनातून बसला असता तर खुब्याचे हाड मोडले असते, आणि डोके आपटले असते तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून त्याची लक्षणे काही आठवड्यांनी दिसली असती. म्हणून मनगटाची जखम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, खांदा आणि पाठ तपासून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा, आणि कसे लागले हे विचारले तर खरे सांगा. यजमानांनाही आजच सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर घरातल्या इतरांना रात्री सुरळीत चालल्या आहेत असेच वाटत राहील, आणि तसे वाटत राहिले तर काहीही बदलणार नाही.

आता दुसरी बाजू. तुमच्या पत्रात मधेच, जाता जाता लिहिल्यासारखे एक वाक्य आहे: गेले आठ महिने त्या रात्री दोन-तीनदा उठतात आणि उठता तुम्हीच. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. घोडबंदर रस्त्यावरची गर्दी, ठाणे स्टेशन, वाशीची लोकल, घणसोलीहून रिक्षा, दिवसभर हिशेब, परत तोच प्रवास, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आणि त्यानंतर जी रात्र मिळते तिचे तीन तुकडे. आठ महिने सलग झोप न मिळालेल्या माणसाचा राग त्याच्या स्वभावातून येत नाही, तो थकलेल्या मेंदूतून येतो, आणि म्हणूनच ‘मी यापुढे चिडणार नाही’ असा निश्चय करून तो थांबत नाही. तुम्ही मंगळवारनंतर तसा निश्चय केला असणारच. माझे सांगणे इतकेच आहे की तुमच्या घरात आज मोडलेली गोष्ट रात्र ही आहे. ती दुरुस्त करायची आहे, आणि ती तुम्ही एकटीने करायची नाही.

ती दुरुस्त होईपर्यंत एक नियम मात्र पाळा. हात शिवशिवतात असे वाटले की त्यांच्यापासून दोन पावले मागे व्हा, बाहेरच्या दाराला कडी आहे ना एवढेच पाहा, आणि यजमानांना हाक मारा. रक्तदाब असला तरी हाक मारा. पाच मिनिटे सासूबाई दाराशी उभ्या राहिल्या तर काही बिघडत नाही. कोणीच घरात नसेल तर स्वतः गॅलरीत जाऊन तोंडावर पाणी मारा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येते, आणि तो सांभाळणाऱ्या माणसासाठीही आहे. पहाटे साडेतीनला शेजारणीला उठवता येत नाही, तेव्हा असा क्रमांक फोनमध्ये असलेला बरा.

हा आजार आहे की वय, असे तुम्ही विचारता. वयानुसार नावे पटकन आठवत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते शोधावे लागते. पण आपण कोणत्या घरात राहतो हे विसरणे, दिवस आणि रात्र यांची गल्लत होणे, ही वयाची लक्षणे नव्हेत. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपल्याकडच्या किती म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टरकडे जाणे राहून गेले असेल याची मला फार खंत वाटते. स्मृती आणि समज हळूहळू हरवत जाण्याच्या आजाराला डिमेन्शिया म्हणतात, आणि अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी या प्रकारच्या ज्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले बदल प्रथम मांडले, ती पन्नाशीतली होती, म्हणजे तिची साठीही आलेली नव्हती. भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांत सुमारे सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. शंभरांत सात म्हणजे ‘सगळ्यांचे असेच होते’ असे नव्हे. नणंदेला हे शांतपणे सांगा.

पण तो डिमेन्शियाच आहे, असेही मी पत्रावरून ठरवणार नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. विसरण्याची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, आणि शाकाहारी ज्येष्ठांत ती बरीच आढळते, थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, उदासीनता, कमी ऐकू येणे. लघवी जास्त होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रक्तातले सोडियम उतरते आणि माणूस भ्रमल्यासारखे बोलू लागतो. त्यातही ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी वाढतो. दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ वाढला, तर त्यामागे बहुधा दुसरे काहीतरी असते: लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे, किंवा नवे औषध. अशा वेळी ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसायचे नसते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.

नवे औषध म्हटल्यावर त्या अर्ध्या गोळीकडे येते. झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या या वयात गोंधळ वाढवतात आणि तोल घालवतात. सकाळी त्या अडखळतात ते त्यामुळेच असण्याची शक्यता मोठी आहे. खाज-सर्दीवरच्या, गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्यांचेही असेच आहे. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायला नको होती आणि तुम्ही आणायला नको होती. मात्र तीन आठवडे सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंदही करू नका. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून गोळीचे नाव आणि मात्रा सांगा, आणि ती कशी थांबवायची हे त्यांच्याकडून समजून घ्या.

तपासणीसाठी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कोणीही चालेल. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्या, आणि एक वही न्या, ज्यात गेल्या पंधरा दिवसांत त्या कधी उठल्या, काय म्हणाल्या, काय खाल्ले, शौचाला झाली का, हे तारखेसह लिहिलेले असेल. ही वही मी मुद्दाम सांगते, कारण डॉक्टरांसमोर सासूबाई अतिशय छान बोलतील. दिरांशी फोनवर बोलतात तशाच. दहा-पंधरा मिनिटे सगळे बळ एकवटून पूर्वीसारखे बोलता येणे हे या आजाराच्या सुरुवातीच्या काळात फार नेहमीचे आहे, आणि शिक्षिकेला तर समोरच्याला सामोरे जाण्याची आयुष्यभराची सवय असते. त्यात खोटेपणा नाही, त्यांचा नाही आणि तुमचाही नाही. पण फोन ठेवल्यावर त्या जी दमतात, त्याचे उट्टे रात्री निघते, आणि ते दिरांना दिसत नाही. ज्याचे जळते त्याला कळते हे खरे असले तरी बाकीच्यांना कळावे म्हणून काहीतरी करावेच लागते. ते काय, हे पुढे सांगते.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ सालापासून आहे, आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. आपल्या शहराच्या नावावरून बाहेरगावचे लोक जो विनोद करतात, त्याच्यामुळे ठाण्यातलीच माणसे तिकडे पाऊल टाकायला कचरतात, हे मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करत असताना पुष्कळ पाहिले. खाजगी तज्ज्ञांची फी झेपत असेल तर तिकडे जा, नसेल तर इकडे जा. पण लोक काय म्हणतील म्हणून कुठेच न जाणे मात्र करू नका. निदान डिमेन्शियाचे झाले तर डोनेपेझिलसारखी औषधे देतात. त्यांनी आजार मुळापासून जात नाही, काही जणांची लक्षणे काही काळ सावरतात. हे आधी माहीत असले म्हणजे महिन्याभरात चमत्कार झाला नाही म्हणून दुसरा डॉक्टर, तिसरा वैद्य अशी वणवण होत नाही.

आता त्या ‘घरी जायचे’ म्हणतात त्याविषयी. नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागावर या आजाराचा घाव बहुधा सर्वांत आधी बसतो. जुन्या आठवणी बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळे कासारवडवलीचे घर त्यांच्या मनात उमटलेलेच नाही. त्या रोज नव्याने परक्याच्या घरात जाग्या होतात. आणि नौपाड्याचे घर, जे पाडून तिथे आता खड्डा आणि पत्र्याचे कुंपण असेल, ते त्यांच्या मनात जसेच्या तसे उभे आहे. तिथल्या जिन्याचा कठडा, घंटाळीच्या देवळातली घंटा, संध्याकाळी पाट्या-दप्तरे घेऊन येणारी मुले. तुम्ही त्यांना ‘हेच तुमचे घर’ असे सांगता तेव्हा तुम्ही खरे सांगत असता, पण त्यांना ते एका अनोळखी बाईने केलेल्या फसवणुकीसारखे ऐकू येते. वाद घालून त्यांना इथे आणता येणार नाही. मी हा प्रयत्न करून पाहिला आहे.

माझे वडील रेल्वेत होते. निवृत्तीला वीस वर्षे झाल्यावर, आजारपणात, रोज रात्री आठ वाजता ते डबा मागायचे, कारण त्यांना रात्रपाळीला जायचे असे. मी त्यांना पेन्शनचे पुस्तक दाखवायची, तारीख वाचायला लावायची. ते ती तारीख मोठ्याने वाचत, आणि माझ्या तोंडाकडे अशा नजरेने बघत की जणू मीच त्यांना नोकरीवरून काढले आहे. मग तासभर धुसफूस. दोन महिने हे चालले. एकदा शेजारचे काका आले होते, ते सहज म्हणाले, ‘अहो, आज तुमची सुट्टी. बोर्ड बघून आलो मी. उद्या सकाळची पाळी आहे.’ वडिलांनी बुटाची नाडी सोडली, म्हणाले, ‘असं होय’, आणि जेवायला बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण दोन महिने मी खरे काय ते पटवून देण्यात घालवले होते आणि त्यांना हवे होते ते इतकेच, की आपले काम कोणीतरी लक्षात ठेवले आहे.

तेव्हा पुढच्या वेळी सासूबाई मुले येऊन परत जातील म्हणाल्या, तर आज शिकवणी आहे की नाही यावर बोला, घर कुठले यावर बोलू नका. ‘आज मुलांना सुट्टी दिली आहे, परीक्षा झाली ना’, असे म्हणून त्यांना पाणी द्या, त्यांच्या शेजारी बसा, कुठल्या वर्गाला काय शिकवायच्या ते विचारा. हे खोटे बोलणे आहे अशी टोचणी तुम्हाला लागेल. मलाही लागत असे. आता लागत नाही. ज्या माणसाला खरे सांगितल्यावर ते पेलता येत नाही आणि लक्षातही राहत नाही, त्याला रोज रात्री तेच दुःख नव्याने देणे मला अधिक निर्दय वाटते. आणि मंगळवारी त्या तुम्हाला ‘बाई’ म्हणाल्या, ते तुम्ही कदाचित परकेपणाची हाक समजलात. पण आयुष्यभर ज्या हाकेला त्यांनी ओ दिली, तीच हाक त्यांनी तुम्हाला दिली. त्या घाबरलेल्या मुलाच्या जागी होत्या आणि तुम्ही बाईंच्या.

पिशवीतला बाळकृष्ण माझ्या डोक्यातून जात नाही. घर सोडून जाताना बाई आधी देव घेते. म्हणजे त्या पळून जात नव्हत्या, घर हलवत होत्या. तुमचा जुना देव्हारा सध्या कुठे आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. भाड्याच्या घरात जागा नाही म्हणून तो माळ्यावर गेला असेल तर उतरवा, आणि त्यांच्या पलंगावरून दिसेल असा ठेवा. नौपाड्याची त्यांची उशी, पांघरूण, भिंतीवरचे घड्याळ, यजमानांच्या वडिलांचा फोटो, जे जे त्यांच्या खोलीत होते ते शक्य तितक्या त्याच क्रमाने लावा. पिशवी काढून घेऊ नका. उशाशी राहू द्या.

संध्याकाळपासून गोंधळ वाढतो, त्याचाही विचार करा. शरीराचे घड्याळ बिघडलेले असते, दिवसभराचा शीण असतो, आणि अंधुक उजेडात सावल्या ओळखू येत नाहीत. त्यावरचे उपाय दिसायला साधे आहेत, पण ते दिवसा करावे लागतात. सकाळी अर्धा तास उन्हात चालणे किंवा निदान गॅलरीत उन्हात बसणे. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर थांबवणे. चार वाजल्यानंतर चहा नाही. दिवेलागणीच्या आधीच घरातले सगळे दिवे लावणे. रात्री झोपण्यापूर्वी लघवीला नेणे, आणि संडासापर्यंतच्या वाटेवर लहान दिवा रात्रभर चालू ठेवणे. गुडघे दुखत असतील तर त्याचे औषध डॉक्टरांकडून घ्या. कितीतरी म्हाताऱ्या माणसांना जाग दुखण्याने येते आणि सांगता येत नाही. दिवसभर त्या एकट्या टीव्हीसमोर डुलक्या घेत असतील तर रात्री झोप येणार कशी? तुमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर तिथे सोबतीने तासभर नेऊन पाहा. घरी मेथी निवडायला द्या, वाटाणे सोलायला द्या, वह्यांना कव्हर घालायला द्या. तुमच्या मुलाच्या जुन्या वहीतले एखादे पान लाल पेनाने तपासायला दिलेत तर त्या किती वेळ रमतात ते पाहा.

दाराची कडी डोळ्यांच्या उंचीवर असते. दुसरी एक अगदी वर किंवा अगदी खाली बसवून घ्या, तिथे सहसा नजर जात नाही. दाराला घुंगरू किंवा लहान घंटा बांधा. त्यांना एकटीला घरात कोंडून बाहेरून कुलूप मात्र कधीही लावू नका, आग लागली तर काय, एवढा एकच विचार त्यासाठी पुरे आहे. वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, खालच्या वाण्याला त्यांचा फोटो आणि तुमचा नंबर द्या, आणि लाजू नका. त्यांच्या रोजच्या ब्लाउजच्या आतल्या बाजूला नाव आणि दोन मोबाईल नंबर धाग्याने शिवून टाका. हरवल्याच तर चोवीस तास थांबायचे असते ही समजूत चुकीची आहे. लगेच ११२ वर फोन करायचा, आणि पहिला माणूस नौपाड्यात जुन्या इमारतीच्या जागी पाठवायचा.

आता रात्रींची वाटणी. आठवड्याला सात रात्री असतात आणि सासूबाईंना तीन मुले आहेत. सुनेने सासूचे करावे हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले असते की कोणी ते बोलूनही दाखवत नाही. पण उजाडेपर्यंत जागायला लागते ते नात्याला नव्हे, शरीराला, आणि तुमच्या शरीरालाही ४८ वर्षे झाली आहेत, या वयात पाळी जाण्याच्या सुमारास अनेकींची झोप तशीही उडते. यजमानांच्या रक्तदाबाचा मला आदर आहे. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावे की आठवड्यातून दोन रात्री आईजवळ झोपणे चालेल का. चालेल असे उत्तर आले तर त्या दोन रात्री त्यांच्या. दोन रात्री एखादी मावशी ठेवा. नोंदणी असलेल्या ब्यूरोमार्फत, ओळखपत्राची प्रत घेऊन, आणि पहिल्या आठवड्यात घरचे कोणी जागे असताना. तिचा खर्च तिन्ही भावंडांनी वाटून घ्यावा. सासूबाईंच्या पेन्शनमधूनही तो करता येईल. तो पैसा त्यांचाच आहे आणि त्यांच्यासाठीच आहे.

दिरांना ‘मदत करा’ असे म्हणू नका. मदत म्हटले की माणूस फोन करतो, फळे आणतो. त्यांना वार आणि वेळ सांगा: शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी दुपार, महिन्यातून दोनदा, आईच्या खोलीत. आईला खारघरला नेऊन ठेवू द्या असे ते म्हणतील, आणि तुम्हाला तो मोह होईल. नका करू. महिना तुझ्याकडे, महिना माझ्याकडे ही पाळी धडधाकट आई-वडिलांना एक वेळ चालते. या आजारात दर वेळी नवी खोली, नवा संडास, नव्या कड्या म्हणजे प्रत्येक वेळी नवे परके घर. माणसांनी हलावे, त्यांना हलवू नये. दिरांनी एक पूर्ण रात्र, पहाटे अडीच आणि साडेतीन धरून, स्वतः काढली की ‘वहिनी, तुम्हीच मनाला लावून घेता’ हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळणार नाही. त्यांच्यावर राग धरू नका. त्यांनी अजून पाहिलेले नाही, एवढेच.

नोकरी सोडू नका. हे मी ठामपणे सांगते. हा आजार कित्येक वर्षे चालतो. आज सोडलेली नोकरी पन्नाशीनंतर परत मिळणे कठीण, भविष्यनिर्वाह निधी थांबतो, आणि महाप्याच्या त्या खुर्चीवरचे आठ तास हे आज तुमच्या आयुष्यातले एकमेव तास आहेत जेव्हा कोणी तुम्हाला हाक मारून उठवत नाही. गरज पडली तर महिनाभर रजा घ्या, तपासण्या आणि मावशीची घडी बसवण्यासाठी. मुलाला यातले काय आणि किती सांगायचे हे तुम्ही ठरवा, पण काही न सांगणे बरे नव्हे. भिंतीपलीकडे झोपणाऱ्या बारावीतल्या मुलाने तो मंगळवार ऐकला असण्याची शक्यता आहे.

कागदपत्रांचे एक महत्त्वाचे सांगते. बरेच जण अशा वेळी कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि निश्चिंत होतात. पण आपल्या कायद्यात ते देणाऱ्याची समजण्याची क्षमता गेली की साधे मुखत्यारपत्र चालत नाही. म्हणून निदान झाल्यावर, त्यांना अजून समजते आहे तोवर, डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र घेऊन बँकेचे खाते संयुक्त करणे, वारस नोंदवणे, आणि पुनर्विकासाच्या करारात त्यांचे नाव असेल तर त्याविषयी वकिलाशी बोलणे, ही कामे तिन्ही भावंडांच्या समोर उरकून घ्या. समोर म्हणते, कारण पुढे भांडणे इथूनच निघतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता घरी बसूनही देता येतो, पोस्टमन घरी येतो. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात, बाहेरच्या तपासणीला नाही, पण कार्ड काढून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांकही आहे.

पुढे कधी वृद्धाश्रमाचा किंवा शुश्रूषा केंद्राचा विषय निघाला तर तो पाप म्हणून झटकू नका. आज मात्र त्याची वेळ आलेली नाही, आणि रात्रींची घडी नीट बसली तर ती बरीच लांबेल असे मला वाटते.

या आठवड्यात एवढेच करा: आज यजमानांशी बोलणे, उद्या गोळीबद्दल फोन, परवा मनगट दाखवणे आणि रक्त-लघवीची तपासणी. आणि शुक्रवारी रात्री दीर आले की वरच्या कडीची जागा त्यांना दाखवा, पिशवी उशाशी राहू द्या म्हणून सांगा, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लावून, गजर न लावता झोपा.